बोटाएवढा रेकॉर्डर, ४१२ फाइली आणि एक चाल

सात महिने वापरून झाल्यावर लिहिते आहे, त्यामुळे खोका कसा होता, आतून काय काय निघालं, हे यात मिळणार नाही. खोका केव्हाच हरवला.

वस्तू म्हणजे खिशातला व्हॉइस रेकॉर्डर. माझ्या मधल्या बोटाएवढा लांब, वजन ३८ ग्रॅम, ८ जीबी जागा, कडेला एक सरकतं बटण. बटण वर सरकवलं की लाल ठिपका लागतो आणि टिपणं सुरू. खाली ओढलं की फाइल बंद होऊन साठते. नखाएवढ्या पडद्यावर फाइलचा नंबर आणि बॅटरी, बाकी काही नाही. इंटरनेट नाही, ॲप नाही, बोललेल्याचं लिखाण करून देणं नाही. विकणाऱ्यांनी जाहिरातीत मात्र ठळक अक्षरांत आश्वासन दिलंय की तुमची पुढची मोठी कल्पना आता निसटणार नाही. मी त्याच वाक्याला भुलले.

भुलायला कारण होतं. मी नाटकांच्या गाण्यांना चाली लावते आणि गेली तीन वर्षं वीस मिनिटांचा एकपात्री विनोदी कार्यक्रमही करते. दोन्ही कामांत काही बरं सुचतं ते हात साबणात असताना, नाहीतर रात्री तीनला. उशाशी वही ठेवून पाहिली. अंधारात खरडलेलं सकाळी लागत नाही, आणि हा अनुभव नोबेलवाल्यांनाही चुकलेला नाही. ऑटो लोवी यांना प्रश्न पडला होता की मज्जातंतू हृदयाला निरोप पोचवतात तो विजेनं की रसायनानं. १९२० च्या सुमारास एका रात्री त्यांना अर्धवट झोपेत प्रयोग सुचला, त्यांनी तो चिटोऱ्यावर लिहिला, आणि सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. त्यांच्या सांगण्याप्रमाणे दुसऱ्या रात्री तीनला तीच कल्पना पुन्हा आली. या वेळी वही-पेन्सिलीच्या भानगडीत न पडता ते उठून थेट प्रयोगशाळेत गेले. बेडकाचं एक हृदय व्हेगस मज्जातंतूला चेतवून मंद केलं, त्याच्या भोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडला, तेही मंदावलं. म्हणजे निरोप त्या द्रवातल्या रसायनातच होता. १९३६ चं नोबेल त्यातून आलं.

माझ्याकडे कुठलीच कल्पना दुसऱ्या रात्री परत येत नाही. म्हणून रेकॉर्डर.

संगीतवाल्यांचा आवडता किस्सा तर या यंत्राच्या थेट बाजूचा आहे. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्स यांना सकाळी उशाजवळच्या कॅसेट रेकॉर्डरची टेप शेवटापर्यंत गेलेली दिसली. मागे नेऊन ऐकली तर सुरुवातीला गिटारवर एक सुरावट, आणि उरलेली टेपभर त्यांचंच घोरणं. वाजवल्याचं त्यांना आठवतही नव्हतं. ती सुरावट म्हणजे ‘सॅटिस्फॅक्शन’. हा किस्सा मी जमेल त्याला ऐकवला आहे. आता माझ्याकडेही घोरण्याच्या अकरा फाइली आहेत. आधी सुरावट असलेली एकही नाही.

‘फोन आहे की हातात’ असं म्हणणाऱ्यांसाठी थोडक्यात. फोन उचलला की उजेड पडतो, उजेडात तीन निरोप दिसतात, त्यातला एक दिग्दर्शकाचा असतो, आणि मग डोक्यात जे होतं ते गेलं. या यंत्राचं बटण मला अंधारात अंगठ्यानं सापडतं. दुसरं म्हणजे फोन हल्ली बोललेलं लिहून देतो. एकदा मी ‘नि सा ग’ गुणगुणले, त्यानं ‘निसर्ग’ लिहून ठेवलं. पुढच्या ओळीत सरगमीचं काय झालं ते सांगत नाही. मुका रेकॉर्डर बरा, तो शहाणपणा करत नाही.

तर, निसटू न दिलेल्या कल्पनांचं काय झालं? सात महिन्यांत ४१२ फाइली झाल्या. एका रविवारी बसून सगळ्या ऐकल्या. मनात एक भीती होती की यातलं चांगलं आपण विसरलो असणार, आणि दुसरी, की यात चांगलं काही नसणारच. दुसरी खरी ठरली. रात्री तीनला ज्या आवाजात मी बोलते, त्या आवाजात माणसानं एखाद्या मूलद्रव्याचा शोध लावलेला असावा. प्रत्यक्षात फाइल ०८८ मध्ये मी अत्यंत गंभीरपणे म्हणते, “छत्री. पण आतून.” मग दीर्घ श्वास. मग बटणाचा खटका. फाइल १४० मध्ये एक चाल आहे. ती मला दोन दिवस फार आवडली आणि तिसऱ्या दिवशी कळलं की ती माझीच पाच वर्षांपूर्वीची आहे, फक्त एक सूर खाली उतरवलेली. ४१२ पैकी रंगमंचापर्यंत पोचल्या त्या नऊ.

या हिशोबानं जाहिरातीला शून्य गुण द्यायला हवेत. देत नाही. कारण या यंत्रानं मला दोनदा अडलेल्या जागेवरून पुढं नेलं, आणि दोन्ही वेळा जे टिपलं गेलं ते मला सुचलेलं नव्हतंच. मला जे ऐकू येत नव्हतं ते त्यानं ऐकलं होतं.

आधी विनोदाचं सांगते.

माझ्या कार्यक्रमात लिफ्टवर चार मिनिटांचा तुकडा आहे. सहा मजले एक गृहस्थ शेजारी उभे आहेत, आकड्यांकडे बघताहेत, माझ्याकडे नजरही टाकत नाहीत. मग दार उघडत नाही. आणि हे गृहस्थ अत्यंत मायेनं लिफ्टला विचारतात, “काय झालं गं?” यानंतर माझं एक वाक्य होतं. माणसाला माणसापेक्षा यंत्राशी बोलणं सोपं झालंय, अशा आशयाचं. ते वाक्य मी आठ दिवस घासूनपुसून लिहिलं होतं आणि सगळा तुकडा त्याच्यासाठी आहे अशी माझी ठाम समजूत होती. हशा येत होता, पण का कुणास ठाऊक, पुढचा मजकूर थंड पडायचा. मी पुढचा मजकूर बदलत राहिले. चार महिने.

रेकॉर्डर टेबलावर ठेवून प्रयोग टिपायला लागले तेव्हा पहिले पाच-सहा प्रयोग काहीच कळलं नाही, आणि त्याला हे यंत्रच जबाबदार होतं. यात आवाजाची पातळी आपोआप जुळवणारी सोय आहे. कारखान्यातून ती चालूच येते. बारीक आवाज आला की यंत्र तो फुगवतं, मोठा आला की दाबतं. सभेतलं भाषण टिपायला हे ठीक. पण हशा टिपायला घातक, कारण तिसऱ्या रांगेतल्या दोघांचं खुदकन हसणं आणि अख्ख्या सभागृहाचा हशा फाइलमध्ये एकाच मापाचा ऐकू येतो. महिनाभर मी स्वतःला सगळ्या ओळींवर सारखंच यशस्वी समजत होते. सुखाचा महिना होता. मग सेटिंगमध्ये तिसऱ्या पायरीवर दडलेला ‘मॅन्युअल’ हा पर्याय सापडला. पातळी मध्यावर ठेवली. विनोद करणाऱ्या कुणी हे यंत्र घेतलं तर पहिल्या दिवशी हे एवढं करा, बाकी सगळं नंतर.

पातळी स्थिर केल्यावर जे ऐकलं ते असं: “काय झालं गं?” यावर हशा फुटतो, वर चढायला लागतो, आणि तो पुरता चढायच्या आत एक बाई मध्येच बोलून त्याचा गळा धरते. ती बाई मी. माझं लाडकं वाक्य लोकांना ऐकू जावं म्हणून त्यांना हसू आवरावं लागत होतं. मी माझ्याच हशावर पाय देऊन उभी होते. रंगमंचावर असताना हे कळत नाही, कारण तिथं कान पुढच्या वाक्याच्या तयारीत असतो. वाक्य काढून टाकलं. त्या जागी काही ठेवलं नाही. नुसती आकड्यांकडे बघत उभी राहिले. पुढच्या प्रयोगात घड्याळ लावून मोजलं, हशा अकरा सेकंद टिकला. आधी चार होता. आणि नवल म्हणजे पुढचा ‘थंड’ मजकूर, जो मी चार महिने बदलत होते, तो त्याच्या पहिल्याच रूपात चालला.

आता चालीचं. हे सांगताना यंत्राचा एक दोष सांगावा लागेल. सरकतं बटण सैल आहे. पिशवीत किल्ल्यांना घासून ते आपोआप वर जातं. बटण अडवायची सोय आहे म्हणतात, पण ती पडद्यावर तीन वेळा दाबून चालू करावी लागते. इतकं करण्यापेक्षा माणसानं कल्पना विसरलेली बरी.

नाटकात एक म्हातारा घड्याळजी आहे. दुसऱ्या अंकात तो बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ पुढ्यात घेऊन बसतो आणि गातो. मी चाल दादऱ्यात, म्हणजे सहा मात्रांच्या तालात, बांधली होती. घड्याळ म्हणजे टिकटिक, टिकटिक म्हणजे सरळ, तीन-तीनचे हेलकावे, असा माझा विचार. चाल गोड होती. दिग्दर्शकानं दोनदा ऐकली आणि म्हणाला, “बाई, गाणं छान आहे. म्हातारा कुठाय?”

तीन आठवडे गेले. या तीन आठवड्यांत मी ६१ फाइली केल्या, नुसत्या या गाण्याच्या. दादऱ्यात राग बदलून पाहिला, लय उतरवली, मुखडा उलटा केला. सगळ्या फाइली गोड. म्हातारा एकीतही नाही. तालमीला जायचं टाळायला लागले, इथवर आलं.

मग एका रात्री रेकॉर्डर संगणकाला जोडला तर त्यात दोन तास एक्कावन्न मिनिटांची एक फाइल. ९०० एमबीच्या वर. (वेव्ह प्रकारात, म्हणजे आवाज न आकसता, मोनो टिपलं तर मिनिटाला पाच एमबीच्या आसपास जागा जाते. ८ जीबीत असे जेमतेम पंचवीस तास बसतात. एमपी३ मध्ये १२८ केबीपीएसला मिनिटाला एक एमबी. बोलण्यासाठी ते पुरतं, गाण्यासाठी मी वेव्हच ठेवते.) बटण पिशवीत सरकलं होतं. पुसून टाकणार होते, पण कुणी माझ्यामागे काय बोललं ते ऐकायचा मोह झाला म्हणून मधून मधून ऐकत गेले. कुणी काही बोललं नव्हतं, याचंही जरा वाईटच वाटलं. शेवटची दहा मिनिटं म्हणजे मी घरी परत येते ती.

माझा डावा गुडघा वर्षभर दुखतो आहे. जिना चढताना मी आधी कठडा धरते, हात वर सरकवते, मग उजवा पाय वर टाकते, मग डावा त्याच पायरीवर आणते. हे मला माहीत आहे, पण कधी ऐकलं नव्हतं. पिशवीच्या आतून ते असं ऐकू आलं: कठड्यावर बांगडीचं घासत जाणं, लांब, हलकं. मग धप्. मग धप्. पुन्हा घासणं. धप्. धप्. मी मान हलवत मोजायला लागले, आणि पाचव्या पायरीला अंगावर काटा आला. एक-दोन-तीन, एक-दोन, एक-दोन. सात. रूपक ताल!

तबला जाणणाऱ्यांना पुढचं सांगायला नको. ती ती ना, धी ना, धी ना. रूपकाची पहिली मात्राच ‘खाली’, म्हणजे रिकामी. जिथं इतर ताल समेवर पाय आपटतात तिथं हा ताल हात उचलतो. पहिल्या तीन मात्रांत डग्गा गप्प असतो, वजन येतं ते चौथीला आणि मग सहावीला. माझा जिना तंतोतंत हाच ठेका वाजवत होता, वर्षभर, दिवसातून दोनदा. आणि घड्याळ! घड्याळ बंद पडलेलं आहे, हे संहितेत पहिल्या ओळीत लिहिलेलं. तरी मी तीन आठवडे चालू घड्याळाची चाल बांधत होते. टिकटिक तर नव्हतीच. एक म्हातारा होता, ज्याचा हात आधी उठतो आणि वजन मागून येतं.

मुखडा वीस मिनिटांत झाला. शब्दांतला एकही काना हलवावा लागला नाही, ते आपसूक सातात बसले. दिग्दर्शक ऐकून काही बोलला नाही, म्हाताऱ्याचं काम करणाऱ्या नटाकडे बघितलं. तो नट गाणं सुरू व्हायच्या आधीच खुर्चीचा हात चाचपायला लागला होता.

हे सगळं ऐकून माझी धाकटी बहीण म्हणाली, “ताई, हा योगायोग आहे. यंत्राचं श्रेय नाही.” ती प्रयोगशाळेत काम करते, तिला श्रेय वाटायची घाई नसते. पण मग तिनंच फ्रेंच गणिती पॉइनकारे यांची गोष्ट काढली. कूटाँस गावी घोड्यांच्या बसच्या पायरीवर पाय ठेवताक्षणी त्यांना कळलं की आपण ज्यावर काम करत होतो त्या फुक्सियन नावाच्या गणिती फलनांसाठी वापरलेली रूपांतरं आणि अयुक्लिडीय भूमितीतली रूपांतरं एकच आहेत. त्या वेळी मनात गणित नव्हतंच, ते सहलीला निघाले होते. बसमध्ये बसून शेजाऱ्याशी चाललेल्या गप्पा पुढं चालू ठेवल्या आणि पडताळा घरी गेल्यावर सावकाश केला. १९०८ मध्ये व्याख्यानात त्यांनी हे सांगितलं तेव्हा भर पायरीवर नव्हता. आधी टेबलाशी घातलेल्या वांझ तासांवर होता. ते तास नसते तर पायरी नुसती पायरीच राहिली असती. “तुझ्या ६१ फाइली म्हणजे ते तास,” बहीण म्हणाली. “जिना तू वर्षभर चढतेस. आत्ताच का ऐकू आला?”

मी म्हटलं, म्हणजे यंत्राचं श्रेय आहेच की थोडं. त्यावर ती म्हणाली की श्रेय द्यायचं तर रामन यांच्या प्रिझमसारखं द्यावं. १९२१ मध्ये युरोपहून बोटीनं परत येताना भूमध्य समुद्राची निळाई बघून त्यांना ती आकाशाचं प्रतिबिंब आहे हे लॉर्ड रॅले यांचं मत पटेना. जवळ निकोल प्रिझम होतं, एकाच दिशेनं कंप पावणारा प्रकाश पुढं जाऊ देणारं. डेकवर उभं राहून त्यातून पाण्याकडे पाहिलं, पृष्ठभागावरचं प्रतिबिंब कापून टाकलं, आणि निळाई तरीही उरली. उलट गडद झाली. म्हणजे रंग पाण्यातूनच विखरून येत होता. तिथून सुरू झालेला धागा २८ फेब्रुवारी १९२८ ला रामन परिणामापर्यंत गेला. प्रिझमनं कल्पना पकडली नाही, समोरचं चकचकीत प्रतिबिंब तेवढं बाजूला केलं. बहिणीचं हे बोलणं ऐकता ऐकता मला लिफ्टवरचं माझं वाक्य आठवलं. पण तिला कबूल केलं नाही, धाकट्यांना फार चढवू नये.

बहिणीला स्वतःला यंत्राचा उपयोग फारच साध्या कामाला झाला. हातात मोजे असतात, वहीला हात लावता येत नाही, आणि द्रावणाचा रंग बदलतो तो नेमका त्या क्षणी. ती बटण कोपरानं सरकवते आणि वेळ, तापमान, रंग बोलून ठेवते. तिच्या मते मोठ्या शोधापेक्षा ‘नक्की किती वाजता?’ हे कळणं जास्त दुर्मीळ आहे.

चित्रकार मैत्रिणीला आठवडाभर वापरायला दिला होता. तिनं चौथ्या दिवशी परत आणला. “रंग बोलता येत नाहीत गं. मी ‘निळा’ म्हटलं, आणि सकाळी तो कुठला निळा ते मलाच माहीत नव्हतं.” तिचं म्हणणं मान्य. चित्राला चित्रानंच टिपावं लागतं. पिकासो यांनी १९३७ मध्ये ‘गेर्निका’ रंगवलं तेव्हा डोरा मार यांनी त्याच्या एकेका टप्प्याचे फोटो काढून ठेवले. त्या फोटोंत दिसतं की सुरुवातीला वर उगारलेली मोठी मूठ आहे, पुढं ती नाहीशी झाली. हे आवाजात कसं ठेवणार? चित्रकारांनी हे यंत्र घेऊ नये.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. यात ठेवलेलं सापडत नाही. फाइलींची नावं म्हणजे नुसते आकडे. ०३७ मध्ये काय आहे हे कळायला ०३७ ऐकावी लागते. खुणेचं बटण नाही, विषयवार खण नाहीत. फिलिस डिलर या अमेरिकी विनोदकार बाईंनी आयुष्यभराचे ५०,००० हून अधिक विनोद टंकलेल्या कार्डांवर लिहून लोखंडी कपाटाच्या खणांत विषयवार लावून ठेवले होते. ते कपाट आज स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे. टिपणं सोपं, खण करणं अवघड. आयरिश गणिती हॅमिल्टन यांचंही बघा. १६ ऑक्टोबर १८४३ ला डब्लिनमध्ये बायकोबरोबर कालव्याच्या काठानं जाताना त्यांना क्वाटर्निअनचं, म्हणजे चार भागांच्या संख्यांच्या गुणाकाराचं, सूत्र सुचलं आणि त्यांनी चाकूनं ते पुलाच्या दगडावर कोरलं. हे सगळ्यांना माहीत असतं. त्याआधीचे कित्येक दिवस त्यांची मुलं सकाळी न्याहारीला त्यांना विचारायची, “बाबा, त्रिकुटांचा गुणाकार जमला का?” आणि ते मान हलवून म्हणायचे, नाही, फक्त बेरीज-वजाबाकीच जमते. हे कमी लोकांना माहीत असतं. आणि त्याहून कमी लोकांना हे माहीत असतं की दगडावर कोरण्याआधी त्यांनी खिशातल्या वहीत नोंद केली होती. दगडावरचं कधीच झिजून गेलं. वही टिकली. या रेकॉर्डरचा मला भरवसा दगडाइतकाच वाटतो. म्हणून आता दर रविवारी कामाच्या फाइली संगणकावर नाव देऊन उतरवते आणि बाकीच्या पुसते. ‘छत्री पण आतून’ ठेवली आहे.

एक प्रश्न मात्र मला या यंत्राच्या विरोधात सतावतो. सारखं टिपत राहिल्यानं ऐकणं कमी होतं का? चाळीसच्या दशकाच्या शेवटी कुमार गंधर्वांना क्षय झाला, डॉक्टरांनी गाणं बंद केलं, आणि देवासला अंथरुणावर पडून त्यांनी काही वर्षं आसपासच्या माळव्यातली लोकगीतं ऐकली. उठले ते वेगळं गाणं घेऊन उठले. लोकधुनांतून उगवलेले त्यांचे राग त्या काळातून आले. हाती बटण असतं तर माणूस ‘नंतर ऐकू’ म्हणतो. मी म्हणते. माझ्या जिन्याची गोष्ट मी मोठ्या तोंडानं सांगितली खरी, पण वर्षभर दोन्ही कान शाबूत असताना तो मला ऐकू आला नव्हता, आणि त्यातले शेवटचे काही महिने रेकॉर्डर खिशात होता. याचं उत्तर माझ्याकडे नाही. फक्त आता आठवड्यातून दोन दिवस यंत्र घरी ठेवते.

बाकी बारीकसारीक: बॅटरी सलग टिपत राहिलं तर मला सतरा तास पुरली. चार्जिंगचं झाकण रबराचं आहे आणि दुसऱ्या महिन्यात तुटलं. सेवा केंद्राला तीन वेळा लिहिलं, तिन्ही वेळा ‘आपला अभिप्राय मोलाचा आहे’ असं उत्तर आलं. वाऱ्यात टिपलेलं निरुपयोगी, स्पंजची टोपी वेगळी घ्यावी लागते. खालचे सूर कापणारी सोय बोलण्याला चांगली, पण गाणारे आणि तबलजी यांनी ती बंद करावी, नाहीतर डग्गा डबा वाजवल्यासारखा येतो. बटणावर मी रबरबँड लावते. तरी सरकतं.

विनोद करणाऱ्यांनी घ्यावा, पातळी मॅन्युअलवर ठेवून. चाली लावणाऱ्यांनी घ्यावा, पण सुचलेल्यापेक्षा न सुचलेलं ऐकायला. रात्री तीनला नोबेल मिळेल म्हणून कुणी घेऊ नये. पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा सैल बटणाचा कापला होता, तो जिन्यामुळे परत दिला.

सध्या यंत्र बहिणीकडे आहे. “चार दिवसांत देते, ताई” म्हणाली होती, त्याला तीन आठवडे झाले. तोवर उशाशी पुन्हा वही आली आहे. आज सकाळी पानभर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं सापडलं: ‘लिफ्ट उलटी. आधी आरसा.’ आरसा आहे की आजी, ते उजेडात धरूनही ठरत नाही.